घोडं कुठं अडलं?

घोड्यावर मी आयुष्यात दोनदाच बसलो. पहिल्यांदा वरातीत. त्या दिवशी घोडा शांत होता. घाबरलेला मीच होतो. दुसऱ्यांदा माथेरानला.

त्या घोड्याचं नाव राजा. वाटेत एक वीतभर जाडीचा ओंडका आडवा पडला होता. राजा थांबला. मी लगाम हलवला, "चल बाळा" म्हणून पाहिलं, शेवटी "अहो राजे"वर आलो. घोडं जागचं हलेना. मग घोडेवाल्याने त्याच्या मानेवरून नुसता हात फिरवला आणि स्वारी निमूट पलीकडे गेली.

"साहेब, त्याचा तुमच्यावर भरवसा नाही," घोडेवाला म्हणाला. हे वाक्य आमच्या सौ.ने शेजारपाजारी बिनचूक पोचवलं.

तेव्हापासून बॅरन ताकेइची निशी या जपानी माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. हा घोडदळातला अधिकारी. १९३० साली त्याला इटलीत युरेनस नावाचा एक भलताच हट्टी घोडा आवडला. लष्कर पैसे देईना, तेव्हा पठ्ठ्याने पदरचे घालून तो घेतला.

१४ ऑगस्ट १९३२. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक. घोड्यावरून अडथळे ओलांडायची स्पर्धा. दांडी पडली की दंड, घोडं अडलं की दंड, तिसऱ्यांदा अडलं की सरळ घरी! मार्ग इतका बिकट, की एकाही देशाचा संघ धड शेवटपर्यंत पोचला नाही. सांघिक पदकं तशीच राहिली. निशीला दंड ८ गुणांचा, दुसऱ्या आलेल्या अमेरिकन चेंबरलिनला १२. तिशीतला निशी सुवर्णपदक घेऊन घरी गेला.

१९३६ला बर्लिनमध्ये मात्र पदक हुकलं. पुढे घोडदळाचे दिवस सरले आणि निशीच्या हाती रणगाडे आले. १९४४ साली त्याची रवानगी इवो जिमा बेटावर झाली. त्याचे बरेचसे रणगाडे वाटेतच बोटीबरोबर बुडाले. नंतर आलेले जमिनीत पुरून त्यांच्या तोफा केल्या. अडथळ्यांवरून उडणारा माणूस, आणि हाताखाली जागचं न हलणारं लोखंड! त्याच्याजवळ युरेनसच्या आयाळीची एक बट होती, असं सांगतात. १९४५च्या मार्चमध्ये निशी तिथेच गेला. त्याच महिन्यात, तिकडे जपानात, युरेनसही गेला.

रणगाडा कुणावरही भरवसा ठेवत नाही. सुरू केला की कुणाच्याही हाताखाली चालतो. घोड्याचं तसं नाही. आधी तो तुम्हाला पारखून घेतो, मग उडी मारतो.

गेल्या महिन्यात पुन्हा माथेरानला गेलो. बसलो नाही. राजाला फक्त गुळाचा खडा दिला. त्याने तो खाल्ला, मला नीट न्याहाळलं आणि तोंड फिरवलं.

"निदान ओळख तरी दाखवली," सौ. म्हणाली.