पनवेलहून हॉकी किती लांब?

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर, भाताचे आणि मिठाचे गाव. १८५२ साली येथे नगरपालिका झाली आणि २०१६ साली महानगरपालिका. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा ही सगळी वस्ती आता तिच्याच हद्दीत येते. उलव्याच्या बाजूला विमानतळ उभा राहिला आहे. बाहेरून येणाऱ्याला आता पनवेल म्हणजे इमारती, उड्डाणपूल आणि वाहनांची रांग एवढेच दिसते. पण आम्हा पनवेलकरांना रविवारचे पनवेल वेगळे माहीत आहे. ते मैदानावर असते.

दिवाळीनंतर भात कापून झाले, जमीन वाळली, की तालुक्यातल्या मोकळ्या शेतांवर टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. गावागावांत कबड्डीचे सामने लागतात. रमजानमध्ये तरावीहनंतर मोहल्ल्यातली मुले दिव्यांच्या उजेडात सेहरीपर्यंत खेळतात. फुटबॉलही आता वाढतो आहे. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी मोठे केंद्र बांधले. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही. हॉकी मात्र पनवेलच्या ओळखीत कुठे बसत नाही.

असे का, हा प्रश्न आम्हाला पडला तो हॉकी लीगच्या बातम्या वाचताना. संघ निघतात, बंद होतात, नवे नाव घेऊन पुन्हा निघतात. कारण विचारले की सांगतात, या भागात हॉकीला प्रेक्षक नाही. प्रेक्षक म्हणजे काय आणि तो कसा तयार होतो, हे आमच्या मते गावच्या मैदानावर अधिक नीट कळते.

रविवारच्या क्रिकेट स्पर्धेचा हिशेब पाहा. खेळणारे संघ प्रवेश फी भरतात. पहिले बक्षीस कोणी बांधकाम व्यावसायिक देतो, दुसरे कोणी स्थानिक पुढारी, आणि त्याबदल्यात मैदानाच्या कडेला त्यांचे बॅनर लागतात. टी-शर्टचा खर्च बऱ्याचदा कुवेत किंवा दोह्यात नोकरी करणारा मोहल्ल्यातलाच एखादा मुलगा उचलतो आणि तिकडे बसून मोबाइलवर सामना पाहतो. लाऊडस्पीकरवर बोलणाऱ्याला फलंदाजाचेच नव्हे, त्याच्या अब्बांचेही नाव ठाऊक असते. मैदान फुकट किंवा नाममात्र भाड्याचे, खेळाडू घरचे, प्रेक्षक चालत येणारे. म्हणून स्पर्धा दरवर्षी होते. तोटा झालाच तर तो दहा घरांत वाटला जातो.

आता हॉकीकडे वळू. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना हॉकी परकी नाही. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत भोपाळच्या असलम शेर खान यांनी बरोबरी साधणारा गोल केला, ही गोष्ट त्या पिढीने रेडिओवर ऐकली. जफर इक्बाल आणि मोहम्मद शाहिद ही नावे पुढच्या पिढीला पाठ होती. शेजारची मुंबई तर हॉकीचेच शहर होते. तिथला आगाखान चषक १८९६ पासूनचा. गोव्याचे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, शीख, पारशी, मुसलमान अशा सगळ्यांचे संघ मुंबईत खेळले. जानेवारी १९८२ मध्ये पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर झाला. तेव्हा ज्या भागाला आज हॉकीचा नवा बाजार समजले जाते, तो एके काळी हॉकीचा जुना मुलूख होता.

मग काय बदलले? एक मोठे कारण जमिनीखालचे आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. शाळेच्या मातीच्या मैदानावर शिकलेला मुलगा त्या गवतावर नवखा ठरू लागला. असे मैदान अंथरायला कोटींचा खर्च, शिवाय खेळापूर्वी त्यावर भरपूर पाणी मारावे लागते. एवढा खर्च शाळेला किंवा मंडळाला झेपणारा नाही. क्रिकेट शेतात खेळता येते, कबड्डी अंगणात. हॉकी गावातून उठून स्टेडियममध्ये गेली.

आमच्यासाठी हे स्टेडियम म्हणजे चर्चगेटजवळचे महिंद्रा हॉकी स्टेडियम. पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. तिथून चर्चगेटकडे वीसेक मिनिटे पायी. संध्याकाळचा सामना रात्री नऊ-साडेनऊला संपला तर घरी पोहोचायला साडेअकरा. चौघांचे कुटुंब म्हटले की आणखी हिशेब आला: मगरिब कुठे पढायची, बायकांसाठी स्वच्छ सोय आहे का, लहान मूल गाडीत झोपले तर कोणी उचलायचे, दुसऱ्या दिवशी शाळा आहेच. तिकीट स्वस्त असले तरी हा सगळा खर्च तिकिटातच धरावा लागतो. एवढे करून माणूस कोणासाठी जातो? आपल्या माणसासाठी जातो, नाहीतर आपल्या संघासाठी.

आणि इथेच गाडी अडते. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्राच्या नावावर हॉकीचे संघ कमी निघाले नाहीत. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली तेव्हा ‘मराठा वॉरियर्स’ होते, खडकीचा धनराज पिल्ले त्यात खेळत होता. पण त्या पहिल्या हंगामाचे सामने झाले हैदराबादला. नाव मराठा, मैदान हैदराबाद. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’ आले. पुण्याने थेट अंतिम सामना गाठला. मात्र स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही आणि खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीगमध्ये ‘मुंबई मॅजिशियन्स’ उतरले. सीमेवरच्या तणावामुळे लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू परत गेले, त्यात चार मुंबईचे होते. पाच संघांत मुंबई पाचवी आली. दोन हंगामांनंतर तो संघ बंद होऊन ‘दबंग मुंबई’ आला. त्याने २०१७ ला अंतिम फेरी गाठली, तेवढ्यात लीगच थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ आणि प्रथमच महिलांचे चार संघ होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता.

बारा वर्षांत इतकी नावे बदलली तर चाहत्याने टी-शर्ट तरी कोणता घ्यायचा? पोराने एका संघाचे नाव पाठ करेपर्यंत दुसरा संघ येतो. प्रेक्षक मिळाला नाही असे म्हणण्याआधी प्रेक्षकाला किती वेळ दिला, हेही विचारायला हवे.

पैशाची बाजूही समजून घेऊ. नव्या लीगमध्ये पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी चार कोटी रुपयांची मर्यादा होती, महिलांच्या संघाला दोन कोटींची. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, डॉक्टर, जाहिरात हे त्यावर वेगळे. समजा, मुंबईत पाच सामने झाले, प्रत्येकाला पाच हजार माणसे आली आणि तिकीट दोनशे रुपये ठेवले. जमा झाले पन्नास लाख, म्हणजे खेळाडूंच्या चार कोटींचा आठवा हिस्सा. उरलेले दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आणि प्रायोजकांकडून यायला हवेत. आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, त्यातला वाटा प्रत्येक संघाला मिळतो. हॉकीकडे असे घबाड नाही. म्हणून संघ मालकाच्या खिशावर चालतो, आणि मालकाचे मन बदलले की संपतो.

गर्दी असली की सगळे सुटते, असेही नाही. झारखंडात हॉकी घराघरात आहे. तिथला ‘रांची ऱ्हायनोज’ २०१३ चा विजेता, तरी २०१४ नंतर तो संघ उरला नाही. ओडिशाची गोष्ट निराळी आहे. तिथल्या सरकारने २०१८ पासून भारतीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, राउरकेल्याला वीस हजारांवर आसनांचे स्टेडियम बांधले आणि त्या जिल्ह्यांतली मुले आधीपासून हॉकी खेळतच होती. मैदान, मुले आणि पैसा तिन्ही एकत्र आले. म्हणूनच नव्या लीगच्या पहिल्या हंगामात हैदराबाद आणि तमिळनाडूचे संघही आपापल्या शहरांत न खेळता राउरकेला-रांचीतच खेळले. त्या हंगामानंतर उत्तर प्रदेशच्या ‘यूपी रुद्राज’च्या मालकांनी आर्थिक कारण देऊन संघ मागे घेतला. हॉकीत नाव असलेल्या राज्याची ही कथा, तर नवख्या शहराचे काय?

उलट कबड्डी पाहा. ‘यू मुंबा’ २०१४ मध्ये उपविजेता आणि २०१५ मध्ये विजेता ठरला. त्याचे सामने वरळीला होत, ते काही आमच्या दाराशी नव्हते. पण रायगडच्या प्रत्येक गावात कबड्डीचे मंडळ आहे. चढाई कशी करतात, पकड कुठे चुकली, हे आमच्या घरातल्या बायकांनाही कळते. त्या संघाला प्रेक्षक शोधावा लागला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या तयार होता.

यातून आम्हाला एकच गोष्ट पटते. संघ वरून आणून प्रेक्षक तयार होत नाही. आधी मुले खेळली पाहिजेत, मग त्यांचे घरचे बघायला येतात, मग शेजारी येतात, आणि त्यानंतर प्रायोजकाला बॅनर लावावासा वाटतो. पनवेलला उद्या हॉकीचा संघ दिला तरी तो दोन वर्षांत जाईल. त्याऐवजी महानगरपालिकेच्या हद्दीत कृत्रिम गवताचे एक मैदान होऊन दहा शाळांच्या मुला-मुलींना त्यावर पाळीपाळीने खेळू दिले, तर पंधरा वर्षांनी संघाचा विचार करता येईल.

घाई आहे ती जागेची. ज्या शेतांवर आज रविवारचे सामने होतात, त्यांतली बरीचशी दरवर्षी पत्र्याच्या कुंपणाआड जातात आणि पुढच्या दिवाळीत तिथे पायाचे खड्डे दिसतात. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी राखून ठेवलेल्या जागा असतात. आपल्या प्रभागात त्या कुठे आहेत आणि आज त्यांवर काय उभे आहे, हे महानगरपालिकेत जाऊन विचारण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे. मोहल्ला कमिट्यांनी, शाळांच्या पालकांनी यंदा एवढे एक काम हाती घ्यावे. मैदान राहिले तर त्यावर कोणता खेळ रुजतो ते मुलेच ठरवतील.