वारा अडला कुठे?

मैत्रिणींनो, विदर्भातला मे महिना काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको! गेल्या उन्हाळ्यात आमचा कूलर नुसता घरघरायचा, वारा मात्र येईना. सासूबाई घामाने बेजार. मोटर गेली असं समजून मी नवी आणायला निघाले, तर त्याच म्हणाल्या, "आधी ताट्या काढून बघ गं!"

बघते तर काय, आमचं शेगाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून खस दगडासारखी झालेली! वारा आत शिरणार कुठून?

प्लग काढून खस बदलली, टाकी धुतली, कूलर भिंतीपासून हातभर पुढे ओढला. समोरची खिडकीही किलकिली ठेवली. दमट हवेला बाहेर जायला वाट नको का? त्या रात्री सासूबाईंना शांत झोप लागली.

तेव्हा मोटरीला दोष देण्याआधी ताट्या बघा हं!