पाऊण शेर चांदी

एस्प्लनेडच्या भुयारी स्थानकात उतरताना तपासणीची एक चौकट ओलांडावी लागते. हजारो माणसे रोज तिच्यातून जातात, आणि कुणाच्या किल्ल्या, कुणाचा डबा, कुणाचा पट्टा यांवर ती सारखी कुरकुरत असते. तिच्या कुरकुरीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. २०२३ च्या जानेवारीत मी तिच्यातून गेलो, तेव्हा मात्र ती अशी काही ओरडली की पहाऱ्यावरच्या तरुण शिपायाने हात आडवा केला आणि अदबीने विचारले, "काकू, कोमोरे की?"

बंगालीत काकाला लाडाने 'काकू' म्हणतात. कलकत्त्यात मी तीस वर्षे काढलेली आहेत. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्या क्षणी तो शब्द कानावर पडताच मी दचकलो. माझ्या कमरेला बांधलेल्या कशात चांदीचे साठ रुपये होते, आणि ते मी ज्यांच्या घरी पोचवायला निघालो होतो त्यांना मी आयुष्यभर काकू म्हणत आलो होतो.

आमचे घर वर्ध्याजवळच्या एका खेड्यात. थोरले काका ऐन विशीत गेले, तेव्हा काकू एकोणीस वर्षांच्या होत्या आणि पदरी एक वर्षाची मुलगी होती. ही १९४१ ची गोष्ट. त्या वेळी सबंध देशात चांदीच्या रुपयाची घालमेल चालली होती. १८३५ पासून कंपनीने आणि पुढे राणी सरकारने पाडलेला रुपया एका तोळ्याचा, म्हणजे एकशेऐंशी ग्रेनचा असे आणि त्यातले अकरा भाग चांदी व एक भाग हिणकस धातू असे प्रमाण शंभर वर्षे टिकून होते. महायुद्धाने ते मोडले. १९४० साली निम्म्या चांदीचा रुपया आला आणि १९४१ ते १९४३ या काळात जुने रुपये एकेका राजाच्या नावाने चलनातून बाद होत गेले. आधी राणीचे, मग सातव्या एडवर्डचे, मग पंचम जॉर्जचे. सरकारी खजिन्यात जुने द्यायचे आणि नवे घ्यायचे, असा हुकूम. पण तोळाभर चांदी देऊन अर्धा तोळा घरी आणायची, हा हिशेब खेड्यातल्या माणसाला पटणारा नव्हता. घरोघर जुने रुपये अंधारात गेले. कुणी चुलीमागे, कुणी गोठ्यात, कुणी भिंतीत पुरले.

आजोबांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद होती : 'चांदीचे साठ'. कुठे ठेवले ते वहीत नव्हते. १९४२ च्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुढचे अकरा दिवस ते डावा हात उचलून देवघराच्या भिंतीकडे करीत राहिले. त्यांना देवाचे दर्शन हवे असेल म्हणून मूर्ती जवळ आणून झाल्या, गंगाजल झाले. हात पुन्हा तिकडेच. त्या भिंतीला टेकून काकू लहानगीला मांडीवर घेऊन बसलेल्या असत. आजोबा गेले, वही उघडली, रुपये मिळाले नाहीत. आणि मग कुणीतरी म्हणाले की म्हातारा हाताने दाखवीत होता ते तिलाच. हे प्रथम कोण बोलले ते मला कधीच कळले नाही. अशा वाक्यांना बोलणारा नसतो, ऐकणारेच असतात.

काकूंची पेटी सगळ्यांसमोर उघडली गेली. तीत काही निघाले नाही, आणि काही निघाले नाही हाच पुरावा ठरला : माहेरी पोचते केले असणार. त्यांचे भाऊ खरगपूरला बी. एन. आर. मध्ये गार्ड होते. ते आले आणि बहिणीला व भाचीला घेऊन गेले. १९४३ साल होते. ज्या वर्षी बंगालमध्ये माणसे अन्नान्न करून रस्त्यावर मरत होती, त्या वर्षी काकू बंगालमध्ये आल्या.

माझा जन्म १९४९ चा. मला काकूंची ओळख झाली ती एका खेळातून. आम्ही भावंडे एकाच्या मुठीत खडा लपवीत असू आणि ज्याच्याकडे तो सापडे त्याला 'काकू, काकू' म्हणून चिडवीत असू. घरात कुणी आम्हांला रागावले नाही. वडील तेवढे उठून बाहेर जात.

१९७४ साली एस्प्लनेडजवळच्या एका विमा कचेरीत मला नोकरी लागली. निघताना वडिलांनी एक चिठ्ठी खिशात ठेवली. तीत कालीघाटच्या एका गल्लीचा पत्ता होता. "जेवायला जात जा," एवढेच म्हणाले. काकू तोवर पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पापड, मेतकूट, भाजणी करून त्या भवानीपूर-कालीघाटातल्या मराठी घरांना देत. मुलगी, म्हणजे आमची ताई, शाळेत शिक्षिका झाली होती. मी दर रविवारी जेवायला जाऊ लागलो. काकूंनी मला कधी गावाचे विचारले नाही. वरण-भात, लिंबाची फोड, वर तुपाची धार. मी जेवत असे आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, पण माझी नजर फडताळावरच्या डब्यांवरून फिरत असे. एकदा त्या दुकानात गेल्या असता मी कोपऱ्यातली पेटी उघडून पाहिली. दोन लुगडी, काकांचे एक छायाचित्र आणि ताईची प्रशस्तिपत्रे. मी पेटी मिटली. म्हणजे बत्तीस वर्षांनी ती झडती पुन्हा एकदा झाली, आणि या वेळी ती घेणारा मी होतो.

बंगालमध्ये मराठी माणसाला चोरीचा आळ नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने १७४२ पासून नऊ वर्षे या प्रांतावर स्वाऱ्या केल्या. अखेर वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली तेव्हा कुठे त्या थांबल्या. बर्ग्यांच्या भीतीने कलकत्त्याने स्वतःभोवती मराठा खंदक खणला; तो पुरता होण्याआधीच भीती सरली आणि पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. पण अजूनही बंगाली आया मुलांना निजवताना बर्ग्यांचे नाव घेतात. काकूंच्या शेजारघरातून ते गाणे रोज रात्री ऐकू येई. तो आळ खराच होता, इतिहासाने तो सिद्ध केलेला आहे. तरी त्यापायी कुणी कधी आम्हांला घरातून उठवले नाही. उलट शेजारीण काकूंकडे मुले ठेवून बाजारात जाई.

त्या वर्षांत चौरंगीचा रस्ता उभा चिरलेला होता. १९७२ च्या अखेरीस भुयारी रेल्वेची कोनशिला बसली होती आणि पुढे मैदानाच्या कडेने वरून खोल चर खणून, आत पेटीसारखा बोगदा बांधून, पुन्हा माती लोटण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. एके संध्याकाळी मी काकूंना एस्प्लनेडला ट्राममधून उतरवून घेतले. फळकुटांच्या कुंपणातून त्या चरात डोकावल्या. खाली दिव्यांच्या उजेडात मजूर चिखल उपसत होते. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या,

"एवढं खणतायत, कुणाचं हरवलेलं काही सापडत असेल का रे?"

मी म्हणालो, "काकू, सापडलं तर सरकारजमा होतं." त्या हसल्या आणि चालू लागल्या. सतरा वर्षांच्या सहवासात त्या विषयावर त्या एवढेच बोलल्या, आणि मी त्यांना कायदा सांगितला. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातली पहिली भुयारी गाडी धावली. पुढच्याच आठवड्यात मी काकूंना तीतून नेऊन आणले. त्या खिडकीतून अंधार पाहत होत्या. १९९१ साली त्या गेल्या.

गावचे घर पडायला आले म्हणून २०१८ च्या दिवाळीत आम्ही सारे जमलो. माझ्या पुतण्याने धातू शोधण्याचे यंत्र आणले होते. लांब दांड्याला ताटाएवढे वेटोळे. तत्त्व सोपे आहे. वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळते, तिच्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र उठते, आणि त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन तो जणू ओ देतो. ग्रॅहॅम बेलने १८८१ साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातली गोळी असल्याच एका यंत्राने शोधून पाहिली होती. ती त्याला सापडली नाही. आमच्या घरातही यंत्राने आधी जुन्या घरात असते ते सारे दाखवले. खिळे, बिजागरी, बैलाचा नाल, तुटकी कडी. लोखंडाचा आवाज जाडाभरडा. देवघराच्या भिंतीपाशी मात्र, कोनाड्याच्या वीतभर खाली, यंत्राने निराळा, स्वच्छ, वरच्या पट्टीतला आवाज दिला. सगळ्या धातूंत विजेला सर्वांत मोकळी वाट देते ती चांदी. म्हणून तिचे उत्तर स्पष्ट येते.

पुतण्याने पहारीने माती सोडवली. तांब्या निघाला, तोंडाला चिंधी बांधलेला. अंगणात सतरंजीवर मोजणी झाली. मी मनात प्रार्थना करीत होतो ती कसली, हे सांगायला हवे : एखाद-दुसरा रुपया कमी भरू दे. म्हणजे आम्ही अगदीच खोटे नव्हतो असे म्हणायला जागा राहील. साठ भरले. साठ तोळे, पाऊण शेर. वाण्याच्या तागडीवर तेवढेच भरते.

रीतीप्रमाणे तहसिलीत वर्दी दिली. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि ते शंभर वर्षांच्या आत पुरलेले असल्यास पुरणाऱ्याच्या वारसांना हक्क सांगता येतो. काकूंना मी अर्धाच कायदा सांगितला होता. आजोबांची वही पुढे आली; ज्या वहीने काकूंना घराबाहेर काढले तिनेच रुपये आमचे ठरवले. मग घरात वाद झाला. कुणी म्हणाले वाटे करू, कुणी म्हणाले चांदीचा भाव चांगला आहे. मी एवढेच म्हणालो की यातला एकही रुपया या घरात राहता कामा नये. नाणी हाती यायला आणि हे सर्वांना पटायला चार वर्षे लागली. मधला काळ महामारीने खाल्ला.

शिपायाला मी कसा उघडून दाखवला. त्याने एक रुपया उचलून दिव्याकडे धरला. पंचम जॉर्जचा, १९१८ चा. खालच्या कमळाशी ठिपका असला तर तो मुंबईच्या टांकसाळीतला, नसला तर कलकत्त्याचा. याच्यावर ठिपका नव्हता. म्हणजे येथून मैलाभरावर, स्ट्रँड रोडच्या जुन्या टांकसाळीत पडलेला हा रुपया वर्ध्याला जाऊन, पाऊणशे वर्षे भिंतीत राहून पुन्हा आपल्या गावी आला होता. "कार?" शिपायाने विचारले. कुणाचे? मी म्हणालो, "आमार काकीमार." त्याने रुपया मोजून परत ठेवावा तसा हळूच ठेवला आणि वाट दिली.

एस्प्लनेडहून कालीघाट सहावे स्थानक. याच कालीघाटी १७८३ साली नदीकाठी पितळेच्या भांड्यात गुप्तकाळातली दोनशेहून अधिक सोन्याची नाणी सापडली होती. नवकृष्णाने ती वॉरन हेस्टिंग्जला दिली, त्याने ती लंडनला कंपनीच्या संचालकांकडे धाडली. काही संग्रहालयांत गेली, उरलेली वितळवली गेली. ती कुणी पुरली, का पुरली, त्यापायी कुणावर आळ आला, हे सांगायला कुणी उरले नाही. धन सापडते तेव्हा सहसा माणसे संपलेली असतात. आमच्या बाबतीत एक उरले होते.

ताई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने रुपये पलंगावर पसरले, एकेक करून मोजले. शिक्षिकेची सवय, साठ म्हणून थांबली आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"कुठे होते?"

"देवघराच्या भिंतीत. कोनाड्याखाली."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "त्या भिंतीला पोतारा आईच द्यायची. दर सणाला. सांगायची मला, कोनाड्याखाली हात पुरत नाही म्हणून बसून द्यावा लागे."

मी काही बोललो नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

"तू इथं जेवायला यायचास. खरं सांग. तुलाही वाटायचं का रे, की आईने घेतले?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खोटे बोलण्याचे अनेक मार्ग अवगत असतात. मी म्हणालो, "हो."

ताईने मान हलवली. "आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पेटी मिटताना तू कडी उलटी लावली होतीस." आणि उठून तिने ताट वाढायला घेतले. वरण-भात, लिंबाची फोड, वर तुपाची धार.