तोंडी परीक्षा

आमच्या घरात मे महिना सुट्टीचा नसतो. वर्गातले मित्र मामाच्या गावाला जातात आणि मी गळ्यात बेंजो अडकवून हळदीला जातो. विरार पूर्वेच्या चंदनसार, कोपरी, नारंगी, फुलपाडा या गावांचे गावपण आता इमारतींच्या फटींतच उरले आहे. परंतु लग्नसराई आली की ते कुठून तरी बाहेर पडते. मांडव उभे राहतात, धवलारीण येते, आणि संध्याकाळी आमचा टेम्पो मांडवासमोर लागतो. माझ्या काकांची बेंजो पार्टी आहे. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, झांज आणि कानठळ्या बसवणारे दोन स्पीकर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती पायरी मी हळदीच्या पैशांवर चढलो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहायचे आहे त्यासाठी ते ठाऊक असणे बरे.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्रजी चित्रपटात दिसतो तो गोल, कातडे मढवलेला बँजो निराळा. आमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. 1912 साली जपानातल्या नागोया शहरी गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणे. ते आपल्याकडे आले, बुलबुलतरंग झाले, आणि पिकअप बसवून ॲम्प्लिफायरला जोडल्यावर आमच्या मिरवणुकांत बेंजो म्हणून नाचू लागले. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हाताने तार छेडायची. 2016 साली रवी जाधव यांचा ‘बँजो’ चित्रपट आला, तेव्हा काकांनी अख्खी पार्टी स्वखर्चाने थिएटरात नेली होती. परत येताना रितेश देशमुखची बोटे नीट पडत नव्हती, अशी तक्रार ते विरारपर्यंत करीत होते.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या पार्टीत बेंजो काकाच वाजवीत. दिवसा ते वसईच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर कामाला असत. एका रात्रपाळीत डाव्या हाताची दोन बोटे यंत्रात सापडली. बोटे वाचली, पण पुन्हा पुरती वाकली नाहीत. इस्पितळातून घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी बेंजो खुंटीवरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. “आता तू,” एवढेच म्हणाले.

आता माझ्या वेडाविषयी. 2020 साली टाळेबंदीत मी नववीत गेलो आणि ऑनलाइन शाळेसाठी घरात पहिला मोठा फोन आला. त्यावर भूगोलाचा तास शोधता शोधता एक व्हिडिओ समोर आला. ओसाड माळरान, एकटे चर्च, आणि त्याच्यापुढे केसांनी तोंड झाकलेला एक माणूस गिटार वाजवतो आहे. तो स्लॅश, बँड गन्स एन रोझेस, आणि गाणे 1991 च्या अल्बममधले ‘नोव्हेंबर रेन’, हे सगळे नंतर कळले. त्या दुपारी एवढेच कळले की हा माणूस तार दाबून थांबत नाही, बोटाने ती खेचतो. आणि स्वर रडल्यासारखा वर चढत जातो. बेंजोच्या बटणाला हे जमत नाही. बटण दाबले की ठरलेला स्वर, सोडले की संपला. मी घोडीच्या मागे तळहाताने तारा दाबून पाहिल्या. स्वर किंचित वर सरकला. त्या वर्षी हळदी नव्हत्या, टेम्पो उभा होता. मी दिवसभर तेच करीत बसे आणि आई म्हणे, “आता बास कर, कुत्री भुंकायला लागली.”

गाण्यांचे शब्द मला पुरते कळत नसत. प्रथम वर्षाला इंग्रजीच्या तासाला सरांनी सांगितले की ‘जंगल’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला. मला केवढा आनंद झाला! ‘वेलकम टू द जंगल’ मधला एक तरी शब्द आमच्या घरचा निघाला.

त्यांचे ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ 1987 च्या पहिल्या अल्बममधले. त्याच्या सुरुवातीची धून बहुतेकांनी ऐकलेली असते. आठ स्वरांची माळ आहे ती. दर दोन फेऱ्यांनी पहिला स्वर तेवढा बदलतो, बाकीचे सात तेच राहतात. ही धून बेंजोवर बसवायला मला चार महिने लागले. नारंगीच्या एका हळदीत दोन गाण्यांच्या मध्ये मी ती घुसडली. ढोलकीवाल्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ठेका धरला. मांडव नाचला! नवरदेवाच्या आत्याने तर पुन्हा वाजवायला लावली. काकांनी टेम्पोत विचारले, “कुठला गाना?” मी म्हणालो, “अमेरिकेचा.” ते म्हणाले, “चांगला हाय. जरा धावतंय.”

गन्स एन रोझेस मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवणार, तारीख 17 मे 2025, ही बातमी वाचली तेव्हा मी दोनदा तारीख पाहिली. तो माझा एकोणिसावा वाढदिवस. 2012 सालीही हा बँड मुंबईला येऊन गेला होता, पण तेव्हा त्यात स्लॅश नव्हता. तो 1996 मध्ये बाहेर पडला होता आणि 2016 मध्ये परतला. तिकिटाचा भाव म्हणजे माझ्या सहा हळदी. सर्वांत मागचे तिकीट मित्राच्या भावाच्या कार्डावर काढले. नंतर काकांच्या वहीत पाहिले तो त्याच तारखेपुढे मोठ्या अक्षरात लिहिलेले: कोपरी, हळद.

मी काकांना खरे सांगू शकलो असतो. ते चिडले असते, कदाचित दुसऱ्या पार्टीतला पोरगा त्यांनी उसना आणला असता. पण मी म्हणालो, “त्या दिवशी कॉलेजात पेपर आहे.” आमच्या परीक्षा तोवर आटोपल्या होत्या, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? काका चौथीत शाळा सोडलेले. कॉलेज या शब्दापुढे ते वाद घालत नाहीत. “कालेजचा हाय ना? मंग जा,” म्हणाले आणि वही मिटली. हा शब्द इतक्या सहज चालला याचीच मला जास्त लाज वाटली. तरी मी तो परत घेतला नाही.

वाढदिवशी सकाळी आईने ओवाळले. मग पेपर म्हणून तळहातावर दही-साखर ठेवली. मी ती चाटली. बाबांनी रिक्षाने स्टेशनपर्यंत सोडले आणि “घाई करू नकोस, प्रश्न नीट वाच,” असे बजावले. काळा टी-शर्ट मी पिशवीत घातला होता. दादरला विरार फास्ट सोडून महालक्ष्मीसाठी धीमी गाडी धरली, तेव्हा गाडीतच बदलला.

दुपारच्या उन्हात रेसकोर्सबाहेर रांग होती. माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ होते, अंगातल्या टी-शर्टचा काळा रंग उडून राखाडी झालेला. धोबीतलावच्या रंगभवनाच्या आठवणी सांगत होते. 1986 साली तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. उघड्या आकाशाखाली एकामागून एक बँड, आणि पावसाने झोडपले तरी कोणी हलत नसे. ‘रॉक मशीन’ हा त्या काळातला मुंबईचा लाडका बँड. पुढे त्याचेच ‘इंडस क्रीड’ झाले. नंतर इस्पितळे आणि कॉलेज शेजारी असल्याने तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुके झाले. ऐकताना मला आमच्या रात्री दहाच्या नियमाची आठवण झाली. घड्याळात दहा वाजले की ऐन रंगात आलेली हळद तिथल्या तिथे थांबते. गृहस्थांना हे सांगावेसे वाटले, पण बोललो नाही.

कारण त्याआधी एक गोष्ट घडली होती. शेजारच्या रांगेतला माझ्याच वयाचा एक मुलगा माझ्या डाव्या हाताकडे पाहत होता. बोटे मांडीवर आपोआप चालत होती. “गिटार?” त्याने विचारले. “बेंजो,” मी म्हणालो. “ओ! कंट्री म्युझिक?” त्याचे डोळे चमकले. त्याच्या मनात तो गोल, कातड्याचा बँजो होता. मला नाही म्हणता आले असते. हळद म्हणता आले असते, टेम्पो म्हणता आले असते. मी म्हणालो, “यस.” एका दिवसात दोनदा मी काकांना नाकारले. दुसरी खेप मला जास्त जड गेली, कारण त्यात मिळवण्यासारखे काहीच नव्हते.

आत गेल्यावर पुन्हा ताटकळणे. गवतावर बसून लोक सावली शोधत होते. अंधार पडल्यावर ते आले. कार्यक्रम अडीच-तीन तास चालला असेल. मी त्याचे वर्णन करणार नाही, कारण मला ते जमणार नाही. दोन-तीन गोष्टी सांगतो. ॲक्सल रोझचा आवाज 1987 चा राहिलेला नाही. त्रेसष्टाव्या वर्षी कोणाचा राहील? वरच्या पट्टीत तो चिरत होता, तरी तो पट्टी सोडीत नव्हता. माझ्या पुढे कोणी तरी हसले. मला हसू आले नाही. ‘स्वीट चाइल्ड’ सुरू झाले आणि पहिले आठ स्वर ऐकताच माझी चार बोटे हवेत बटणे दाबू लागली. हजारो लोक गात होते आणि मी फक्त मोजत होतो: दोन फेऱ्या, बदल, दोन फेऱ्या, बदल. स्लॅश मोठ्या पडद्यावर दिसत होता. साठीला आलेला माणूस, दंडावरून घाम ओघळतो आहे, आणि डाव्या हाताची बोटे विशीतली वाटावीत अशी. ती बोटे पाहता पाहता मला दुसरी दोन आठवली. घड्याळात नऊ वाजत होते. कोपरीला नवऱ्याला हळद लागत असणार. बेंजोवर कोण असेल, हा प्रश्न मी त्या क्षणापर्यंत स्वतःला विचारलाच नव्हता.

‘पॅराडाइज सिटी’ने शेवट झाला. मीही सगळ्यांबरोबर ओरडलो, खूप ओरडलो.

विरारला उतरलो तेव्हा शेअर रिक्षा बंद झाल्या होत्या. चालत निघालो. घर मागे टाकून तसाच कोपरीपर्यंत गेलो. मांडवात माळा जळत होत्या, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, जमिनीवर पिवळे डाग. टेम्पो गेला होता.

सकाळी काकांच्या ओट्यावर गेलो. ते पाटावर बसून डावा हात कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून होते. दोन्ही बोटे सुजली होती. उसना पोरगा त्यांनी आणलाच नव्हता. चार तास स्वतः वाजवले होते.

“कसा गेला पेपर?” त्यांनी विचारले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि घशातून नुसती घरघर आली. आवाज पार बसला होता. काकांनी माझ्याकडे पाहिले, पाण्यातला हात हलवला आणि म्हणाले, “तोंडी व्हता काय?”

काकू आत हसली. मी फोन काढला. स्लॅशचे अर्ध्या मिनिटाचे वाजवणे मी टिपून आणले होते. दूरचे, लोकांच्या ओरडण्यात बुडालेले. काकांनी फोन कानाशी धरून ते दोनदा ऐकले. “तार खेचतंय,” म्हणाले. मग फोन परत दिला. रागावले नाहीत, मात्र बेंजोही दिला नाही. “आता मीच वाजवतो,” म्हणाले.

तो मे मी झांजेवर काढला. स्पीकर चढवायचे, वायरी गुंडाळायच्या, आणि काकांच्या मागे उभे राहून झांज. कमी बोटांनी ते सावकाश वाजवीत, लोकही सावकाश नाचत. महिन्याच्या शेवटच्या हळदीत, दोन गाण्यांच्या मध्ये, त्यांनी अचानक ती धून सुरू केली. कधी बसवली कोणास ठाऊक. ढोलकीवाल्याने ठेका धरला. दोन फेऱ्या ठीक गेल्या आणि तिसरीला, पहिला स्वर बदलायचा तिथे, ते अडले. पुन्हा मागे गेले, पुन्हा तिथेच अडले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

मी झांज वाजवता वाजवता एक बोट वर केले. काकांनी वरचे बटण दाबले.