कॅप्स लॉकचा दिवा

कोरोनाच्या आधीचा फेब्रुवारी. खोडदच्या प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते आणि आमच्या पर्जन्यमापकाचा कीबोर्ड काही केल्या चालत नव्हता.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेनांच्या सावलीत आपलं मॉडेल मांडायचं, याचं आमच्या मुलांना केवढं अप्रूप! त्यांनी पर्जन्यमापक निवडला, त्याला कारण होतं. माळीण आमच्याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४च्या सकाळी तिथला डोंगर खाली आला, तेव्हा ही मुलं दुसरी-तिसरीत होती. पाऊस किती पडला हे आपल्याला आपल्या वाडीत बसून कळलं पाहिजे, असं त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं. मी ते पुसू दिलं नाही.

मापक त्यांनी स्वतः केला. दोन कप्प्यांचं एक लहानसं पात्र. एक कप्पा भरला की ते कलतं, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नळीखाली येतो. प्रत्येक कलण्याबरोबर चुंबक एका कळीजवळून जातो आणि तेवढीच नोंद होते. नोंद ठेवायला रास्पबेरी पाय ३ हा तळहातात मावणारा कॉम्प्युटर होता. पुण्यातल्या एका तरुणानं तो शाळेला दिला होता, त्याचं मेमरी कार्डही त्यानंच तयार करून पाठवलं होतं. कीबोर्ड एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला, कळांखाली रंगीत दिवे लागणारा. मुलांना तो फार आवडला होता. चार्जर मोबाईलचा, आणि टेबल प्लगपासून लांब म्हणून कुणाच्या तरी घरून आणलेली दोन मीटरची पांढरी केबल.

रास्पबेरी पायचा बोर्ड चालू झाला, पडद्यावर चित्र आलं, कीबोर्डचे दिवे झगमगले. पण अक्षर उमटेना. काढून पुन्हा लावला तर दोन अक्षरं आली आणि थांबली. मग एकदा ‘एस’ दाबलं तर पडद्यावर एसची रांगच लागली, बोट उचललं तरी थांबेना. मुलं घाबरली. चारही यूएसबी पोर्ट बदलून पाहिले. तोच कीबोर्ड कार्यालयातल्या कॉम्प्युटरला लावला, तर तिथं उत्तम चालला. म्हणजे कीबोर्ड चांगला. मग बोर्डच गेला, असा निष्कर्ष मी काढला आणि मुलांना सांगूनही टाकलं की आता तक्त्यावर भागवू. ती घाई माझी चूक होती, आणि मुलांचे चेहरे अजून आठवतात.

आठवीतल्या एका मुलीनं मात्र वही बंद केली नाही. ती म्हणाली, “बाई, कार्यालयात कॅप्स लॉक दाबलं की हा कोपऱ्यातला दिवा लागत होता. इथं बाकीचे सगळे दिवे लागलेत, मग हाच का लागत नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रात्री घरी वाचत बसले आणि मग कळलं, तिनं किती नेमक्या जागी बोट ठेवलं होतं ते. रंगीत दिव्यांना फक्त वीज लागते. कॅप्स लॉकचा दिवा मात्र कीबोर्ड आपल्या मनानं लावत नाही. यूएसबी कीबोर्ड स्वतःहून काही बोलतच नाही. कॉम्प्युटर त्याला सेकंदाला शंभरेक वेळा विचारत राहतो, कुठली कळ दाबली आहे का, आणि तो उत्तर देतो. कॅप्स लॉक दाबल्याचं उत्तर पोचलं, की कॉम्प्युटर उलट आज्ञा पाठवतो, ‘दिवा लाव’. तो दिवा न लागणं म्हणजे वीज पोचते आहे, पण बोलणं तुटलं आहे. एसच्या रांगेचाही उलगडा झाला. कळ दाबल्याचा निरोप पोचला होता, सोडल्याचा वाटेत हरवला होता, म्हणून कॉम्प्युटर ती कळ दाबलेलीच धरून बसला होता.

आता बोलणं का तुटतं, एवढंच शोधायचं राहिलं.

खरं तर बोर्ड आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात विजेचं एक पिवळं चिन्ह मधूनमधून येत होतं. मोबाईलवर चार्जिंगचं असंच चिन्ह असतं, म्हणून मुलांनी आणि मीही त्याचा अर्थ ‘चार्जिंग चालू’ असा घेतला होता. अर्थ नेमका उलटा होता: दाब कमी पडतो आहे. पाच व्होल्टच्या जागी दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते चिन्ह येतं. बोर्डावरचा लाल दिवाही तेव्हा विझतो. तो मधूनच डोळा मिटत होता, हे आम्ही पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

सगळ्यांनी दोष गावाच्या विजेला दिला. संध्याकाळी धरणाच्या पाण्यावरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब पिवळा पडतो, हे खरं. पण मोबाईलचा चार्जर शंभर व्होल्टपासून दोनशे चाळीसपर्यंत कुठलाही दाब घेऊन पाचच व्होल्ट देतो. आणि सकाळी, बल्ब लख्ख असतानाही, कीबोर्ड तसाच.

त्या मुलीचे वडील मोटारी भरून देतात. तिनं घरी सगळं सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते मीटर घेऊन शाळेत आले. चपला बाहेर काढून आत येत म्हणाले, “बाई, नदीवरची मोटार उचलत नसली तर आम्ही आधी मोटार बदलतो का? केबल बघतो. केबल लांब आणि बारीक असली की डीपीपाशी होल्टेज भरपूर आणि मोटारीपाशी काहीच नाही.”

मी बोर्डाचा नकाशा समोर धरला. चौथी पिन पाच व्होल्टची, सहावी शून्याची. मीटरची टोकं घसरून पलीकडच्या पिनेला लागली तर बोर्ड जागेवर जळू शकतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. वर्षानुवर्षं बारीक तांब्याची तार हाताळलेला तो हात जराही हलला नाही. चार्जरपाशी ५.०८ व्होल्ट. बोर्डापाशी, कीबोर्ड लावलेला असताना, ४.४९. त्यांनी कीबोर्ड काढायला सांगितलं. ४.७१. पुन्हा लावला, पुन्हा ४.४९. मुलांनी आकडे वहीत लिहिले आणि ओहमचा नियम, जो मी फळ्यावर दरवर्षी शिकवत होते, तिथं टेबलावर उभा राहिला. दोन मीटर केबलमधल्या केसासारख्या तारा सहा दशांश व्होल्ट खात होत्या. रंगीत दिवे जास्त प्रवाह ओढत, म्हणून तो कीबोर्ड लावला की दाब मर्यादेखाली जाई आणि बोलणं तुटे. कार्यालयातल्या कॉम्प्युटरला ही केबल नव्हतीच, म्हणून तिथं सगळं सुरळीत.

चार्जर तोच ठेवायचा, कीबोर्ड तोच ठेवायचा, फक्त केबल बदलायची, असं मी ठरवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणाचा दोष होता हे कधीच कळत नाही. घोडेगावातून हातभर लांबीची जाड केबल आणली. टेबल प्लगपाशी सरकवलं. मीटरवर ४.९५. त्या मुलीनं कॅप्स लॉक दाबलं आणि कोपऱ्यातला दिवा लागला. आठवीचा सगळा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गावरचे सर पाहायला आले.

तरी आत शिरता येईना. पासवर्ड चुकीचा, पुन्हा चुकीचा. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे चुकतंय कुठं हे कळत नव्हतं. मी म्हटलं, पासवर्डची अक्षरं नावाच्या जागी लिहून पाहू, तिथं ती दिसतात. ‘ॲट’चं चिन्ह दाबलं तर अवतरणचिन्ह उमटलं! शिफ्ट धरून तीन दाबलं तर पौंडाचं चिन्ह. रास्पबेरी पाय केंब्रिजचा, त्याची मूळची कीबोर्डची मांडणी ब्रिटिश. आपल्याकडे मिळणारे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे. कार्ड तयार करताना पासवर्ड त्या तरुणाच्या लॅपटॉपवरून घातला गेला होता. ब्रिटिश मांडणीत ॲट अवतरणचिन्हाच्या कळीवर असतं. ती दाबली, आत शिरलो, मांडणी बदलली.

मग मुलांनी मराठी मागितली. पडद्यावर इंग्रजीत ‘रेन’ कशाला, आपण ‘पाऊस’ लिहू. इनस्क्रिप्टची मांडणी घातली. एच, ई, शिफ्टसह टी, एम, आणि पडद्यावर ‘पाऊस’. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे त्यांना तासाभरात जमलं. माझ्या शिक्षकपणातले इतके आनंदाचे तास थोडे आहेत.

खोडदला आम्ही मांडणीत एक भर घातली. त्या मुलीनं जुनी पांढरी केबल फेकू दिली नव्हती. तिनं ती एका पुठ्ठ्यावर टाचली, शेजारी जाड केबल, आणि खाली वहीतले तीन आकडे: ४.४९, ४.७१, ४.९५. मुलं बाटलीनं पाणी ओतून पाऊस पाडून दाखवत होती, पात्र कलत होतं, आकडा वाढत होता. पण मोठी माणसं थांबत होती ती पुठ्ठ्यापाशी.

दुपारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा आले. त्यांनी पांढरी केबल चिमटीत धरून दाबून पाहिली, मग जाड केबल. आकडे वाचले. मग मुलीला म्हणाले, “पोरी, माझी विहिरीवरची मोटारबी संध्याकाळी उचलत नाही. घरापासून पाचशे फूट केबल आहे. काय करावं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, “आजोबा, मोटार किती एचपीची?”