वहिनी, वही उघडा

ती. सौ. वहिनींस,


तुमचं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. ‘आई गेल्या, मुलं पांगली, आता दिवस खायला उठतो,’ असं लिहिलंत. आणि खाली, जरा दबकत, ‘काहीतरी लिहावंसं वाटतं, पण माझं कोण वाचणार?’

ते वाचून फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. त्यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन घरच्यांपासून लपवून लिहिलं, संसार आणि दुकान सांभाळत. आधी ते ‘स्त्री’ मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. लोक त्या लपवण्याचं कौतुक करतात. मला मात्र दर वेळी राग येतो. एवढं सांगण्यासारखं जिच्यापाशी आहे, तिला वह्या दडवाव्या का लागाव्यात? तुमच्यावर तशी वेळ नाही. तेव्हा सगळे झोपल्यावर, उरल्यासुरल्या वेळात लिहू नका. दिवसाउजेडी, दादासमोर, टेबलाशी बसून लिहा.

शुद्धलेखनाची भीतीही सोडा. लक्ष्मीबाई टिळकांची अक्षरओळखच लग्नानंतरची, आणि त्यांच्या आत्मचरित्राचा, ‘स्मृतिचित्रे’चा, पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. बोलल्यासारखं लिहिलंय, म्हणून ते अजून वाचवतं. तुम्हीही बोलता तसंच लिहा. आईच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही रात्री कशा काढल्यात, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. मी तिची लेक, मलाही नाही. वहिनी, ते वाचायला मी आहे.

इतकी वर्षं घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या, डबे, पथ्यं तुमच्या ध्यानात असायची. आता लिहिण्याबरोबर तसंच लक्ष स्वतःच्या तब्येतीकडेही द्या. रात्री घाम फुटून जाग येते, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, हे ‘वयच झालं’ म्हणून अंगावर काढू नका. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होतं, त्याने झोप मोडते, हाडंही झपाट्याने झिजू लागतात. वहीच्या मागच्या पानांवर तारखा टाका: पाळी कधी आली, घाम कधी फुटला, झोप किती लागली. डॉक्टरीणबाईंसमोर बसलं की आपल्याला काही आठवत नाही; ‘तसं बरं आहे’ म्हणून आपण उठतो. वही पुढे केलीत की त्यांना नेमकं कळेल. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या, त्याची लक्षणं बरीचशी अशीच असतात. आणि पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच दाखवा. नाचणी, तीळ, दूध सगळ्यांना आग्रहाने देता, ते तुमच्याही ताटात येऊ दे. रोज चालायला जा, एकटं जावंसं वाटलं तर एकट्याच जा.

दिवाळीआधी मी येते आहे. तोवर आईच्या त्या रात्रींपैकी एक तरी लिहून ठेवा. दाखवावंसं वाटलं तरच दाखवा. दादाला वेगळं पत्र टाकते. दवाखान्यात तुमच्याबरोबर त्याने जायचं आहे.

तुमची,
वन्सं