बाक आलेलं लाकूड

रिकामं झालं तरी वाईनचं पिंप पन्नासेक किलो भरतं. ते उचलायच्या भानगडीत पडू नये. आडवं पाडावं आणि गडगडवत न्यावं. पोटाशी फुगीर असल्यामुळे ते जमिनीला एवढंसंच टेकतं आणि एका हाताने हवं तिकडे वळतं. वाईनरीच्या तळघरात एकटा माणूस भरलेलं पिंपसुद्धा हलवतो, तो याच युक्तीवर. पण तेच पिंप गडगडत आमच्या एखाद्या सोसायटीच्या लिफ्टपाशी आलं की वॉचमन हमखास विचारतो, "ताई, पाण्याची टंचाई आहे का?"

त्याचं काय चुकलं? पिंप म्हणजे पाणी, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या घराच्या मागे डांबराची दोन रिकामी पिंपं होती, आतून जाळून घासलेली आणि बाहेरून गेरूच्या रंगाने रंगवलेली. नळ पहाटे यायचा. एक पिंप भरलं की आई त्यावर लाकडी झाकण ठेवायची, आणि मग दिवसभर त्या झाकणावर काय काय चालायचं! भाजी निवडणं, माझा अभ्यास, शेजारच्या काकूंचा चहा. फर्निचर नावाचं काही आमच्या घरी नव्हतं. सुताराच्या घरी कुठून असणार? होतं ते सगळं दुसऱ्यांच्या घरी पोचवायचं असायचं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारं, खिडक्या, देव्हारे करायचे. आजोबा सिन्नरकडच्या आमच्या गावी बैलगाडीची चाकं करायचे. चाकावर धाव चढवताना मी लहानपणी पाहिलंय. लोखंडाचं कडं शेण्यांच्या आगीत लालबुंद करायचं, चिमट्यांनी धरून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा फुत्कार व्हायचा, लाकूड करकरायचं, आणि लोखंड आवळत गेलं की सुटे सुटे तुकडे एकजीव व्हायचे. आजोबा कानाने ऐकायचे. करकर थांबली की म्हणायचे, बसली. पुढे मी घरांची सजावट करायला लागले, प्लाय आणि सनमायकाच्या जगात आले, आणि त्या कारागिरीचा नि माझा संबंध संपला असं धरून चालले होते.

नाशिकची द्राक्षं तोवर बहुतांशी खाण्याची होती. थॉमसन, सोनाका, निर्यातीच्या पेट्या. १९९९मध्ये राजीव सामंतांनी सुला काढली, २०००मध्ये तिची पहिली वाईन आली, पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि गंगापूर धरणापासून दिंडोरीपर्यंत बघता बघता वाईनऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडची बहुतेक वाईन स्टीलच्या टाक्यांमध्येच तयार होते. थोडी भारीतली ओकच्या पिंपात मुरवतात. ही पिंपं बाहेरून येतात, फ्रान्स-अमेरिकेतून. बोर्दोच्या मापाचं पिंप २२५ लिटरचं. तीन ते पाच वर्षांत त्याच्या लाकडातला वास आणि चव वाईनला देऊन संपते. मग ते पिंप नुसतंच भांडं उरतं, आणि महाग जागा अडवणारं भांडं वाईनरीला नको असतं. तिथून ते माझ्यासारख्यांकडे येतं.

पहिलं पिंप आलं तेव्हा आप्पांनी कारखान्यातली सगळी कामं बाजूला ठेवली. आधी गुण्या लावून बघितला. गुण्या कुठेच बसेना. काटकोन नाही, सरळ धार नाही, खिळा नाही, सरस नाही, साल-कुसू नाही. तीसेक फळ्या, प्रत्येक मध्ये रुंद, टोकांना निमुळती, कडेने तिरकी तासलेली. वर लोखंडी पट्टे ठोकत पोटाकडे सरकवलेले. एवढ्यावर सव्वादोनशे लिटरचा भार थेंबभर न गळता राहतो. आप्पा बराच वेळ त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "अण्णांनी बघायला हवं होतं." अण्णा म्हणजे आजोबा.

मग मी त्यांना वाचलेलं सगळं सांगत बसले. फ्रेंच ओक करवतीने कापत नाहीत, तंतूंच्या रेषेने फोडतात. कापला तर त्याच्या शिरा उघड्या पडतात आणि पिंप पाझरतं. ओंडक्यातला बराचसा भाग त्यात वाया जातो. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नसा आतून बुजलेल्या असतात, म्हणून तो बिनदिक्कत कापता येतो. फोडलेल्या फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊनपावसात ठेवतात. मग पिंपाच्या पोटात ओकच्याच ढलप्यांचा जाळ करतात, फळ्या गरम झाल्या की त्यांना बाक देतात, आणि तो जाळ किती वेळ लागला त्यावर वाईनची चव ठरते. फ्रान्समधलं ट्रॉन्सेचं ओकचं जंगल चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात राखलं, ते आरमाराच्या जहाजांसाठी. जहाजं लाकडाची राहिली नाहीत आणि ते ओक आले वाईनच्या वाट्याला. आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटलं ते फोडण्याचं. "लाकूड विचारून घ्यावं लागतं," एवढंच म्हणाले.

वरचे पट्टे ठोकून काढले आणि तोंडाची गोल फळी सोडवली, तेव्हा तिच्या खाचेत सुकलेल्या लव्हाळ्याची एक काडी निघाली. फट बुजवायला घालतात ती. आत जांभळा रंग काही मिलिमीटर खोल मुरलेला, त्याखाली कोरं लाकूड. आणि सगळीकडे बारीक चमचमणारे खडे. आप्पांनी नखाने एक खरवडला आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला. "चिंच!" म्हणाले. द्राक्षातलं आम्ल आणि चिंचेतलं आम्ल एकच, टार्टारिक, हे मला पुस्तकातून कळलेलं होतं. त्यांना असं कळलं.

आता घरात त्याचं काय करायचं?

गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं. दगडी भिंत, उंच छत, कोपऱ्यात पिंप, त्यावर दोन ग्लास. आपला हॉल असतो दहा बाय पंधराचा, त्यात टीव्ही, सोफा, मुलांच्या सायकली आणि दर चतुर्थीला येणारे पाहुणे. अख्खं पिंप तीन फुटांहून थोडं उंच असतं. सोफ्यावर बसून त्यावर चहा ठेवता येत नाही, जेवायला बसावं तर त्याच्या पोटामुळे गुडघे आत जात नाहीत, माणसं तिरकी बसतात. उभ्याने वापरायचं असेल तरच अख्खं ठेवावं. दाराशी, किल्ल्या-पत्रं-हेल्मेटसाठी, किंवा स्वयंपाकघराच्या तोंडाशी, घाईच्या नाश्त्याला. मधोमध कापलं तर दीड फुटाची टीपॉय होते, तीही एकाची नव्हे, दोघांची. वरच्या काठाला उंचवटा असतो, त्यात चिवडा साचतो, म्हणून दहा मिलिमीटरची गोल काच टाकावी.

कापण्याआधी मात्र प्रत्येक पट्टा फळ्यांना स्क्रूने बांधून घ्यावा लागतो. आधी स्क्रू, मग करवत. नाहीतर कापल्याबरोबर सगळं पिंप पायाशी उकलून पडतं. न कापता ठेवलं तरी हे करावंच. पिंप ओलं असेपर्यंतच घट्ट. एप्रिलमधल्या नाशिकच्या कोरड्या हवेत फळ्या आकसतात आणि पट्टा एके दुपारी खळकन खाली येतो. जुलैत तेच लाकूड फुगतं. ज्याचा सगळा जन्म भरलेलं राहण्यासाठी, त्याला आपण रिकामं आणि कोरडं ठेवतो, तेव्हा एवढी तक्रार ते करणारच.

आप्पांचं नि माझं वाजलं ते पॉलिशवरून. त्यांच्या मते काम म्हणजे पॉलिश पेपर मारून, लांबी भरून, चपड्याचा हात देऊन आरशासारखं करणं. आयुष्यभर तेच केलं. "घाण आहे ती," बुचाच्या भोकाखाली ओघळलेल्या जांभळ्या डागाकडे बोट दाखवून ते म्हणायचे. मी म्हणायचे, त्याचेच पैसे आहेत आप्पा. शेवटी तडजोड अशी झाली की बाहेरून नुसता ब्रश, ओल्या फडक्याने पुसणं, आणि जवसाच्या तेलाचे दोन हात. तोंडावर जाळून उमटवलेली पिंप बनवणाऱ्याची अक्षरं तशीच ठेवायची. आतली बाजू मात्र धुऊन, वाळवून बंद करायची. ते टाळलं तर आंबूस वासाला चिलटं येतात, आणि चिलटांमध्ये रस्टिक काही नाही.

निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांच्या बंगल्यात तर पिंप पोर्चमध्येच अडलं. घरातल्या आजी माळकरी. त्यांनी काठी आडवी धरली. "दारूचं पिंप उंबऱ्याच्या आत नाही." नातू समजावतोय, आजी, आपलीच द्राक्षं जातात ना वाईनरीला? आजी म्हणाल्या, "द्राक्षं जातात ती गोड असतात. परत काय येतंय ते बघ." याला उत्तर नव्हतं. मग ते पिंप मधून कापून दोन कुंड्या केल्या, तळाला भोकं पाडून विटांवर चढवल्या, कारण जमिनीला टेकलेला ओकसुद्धा पाण्याने कुजतोच. नातसून हौसेने म्हणाली, तुळस लावू. आजींचे डोळेच मोठे झाले. तुळस नाही. मोगरा चालेल, कढीपत्ता चालेल. देवाला नाही चालणार ते आमटीला चालतं, हा हिशेब मला फार आवडला.

सध्या बाजारात जोधपूरकडून आंब्याच्या लाकडाची पिंपाच्या आकाराची कपाटं येतात. दिसायला देखणी, आत बाटल्यांचे कप्पे, बाहेर काळे पट्टे खिळ्यांनी मारलेले. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, ती कपाटंच आहेत. फक्त त्यांचे पट्टे काहीच धरून ठेवत नाहीत, आणि हे एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

दोन खोल्यांच्या घराला मी अख्खं पिंप देतच नाही आता. एक फळी देते. तीन फूट लांब, मधे बाक, एका अंगाला जांभळी. पितळी खुंट्या ठोकून दारामागे लावली की छत्र्या, पिशव्या, शाळेची ओळखपत्रं, सगळं मावतं. जागा भिंतीची लागते आणि पैसे टीपॉयच्या मानाने काहीच नाहीत. त्या एका फळीत अख्ख्या पिंपाचा बाक असतोच की. भोवती मात्र दुसरं काही जुनाट ठेवू नये. कंदील, चाक, तांब्याचा बंब आणि पिंप असं सगळं एका भिंतीला आलं की घराचा ढाबा होतो. शेजारी साधी स्टीलची मांडणी असली तर फळी उठून दिसते.

आप्पा आता कारखान्यात रोज जात नाहीत, गेले तर हात घातल्याशिवाय येत नाहीत. सध्या अंगात आलंय ते झोपाळ्याचं. कॉलेज रोडच्या एका घरासाठी फळ्यांचा झोपाळा करायचाय आणि आमचं भांडण आहे फळ्यांची कुठली बाजू वर घ्यायची याचं. खोलगट बाजू वर घेतली तर माणूस पाळण्यात बसल्यासारखा नीट बसतो, पण मग डागाची जांभळी बाजू वर येते, आणि गिऱ्हाइकाच्या सासूबाई पांढरी लुगडी नेसतात. आप्पा म्हणतात, तेल दे, रंग लागणार नाही. मी म्हणते, आधी एक पांढरं फडकं घासून बघू. कड्यांचंही ठरायचंय. त्यांना लोखंडी हव्यात, मला पितळी. उद्या तांबट लेनमध्ये जाऊन भाव तरी काढायचा आहे.